गिरणीच्या मागच्या दाराने

गोंदिया-भंडारा हे धानाचे कोठार. साध्या तांदळाच्या भरडाईला पाणी लागत नाही. उकडा तांदूळ करायचा तर धान गरम पाण्यात तासन्‌तास भिजवावे लागते. ते पिवळट पाणी साचले की आंबते, दुर्गंधी सुटते. त्यात असतो अन्नाचाच अंश; म्हणूनच बहुधा ते उघड्यावर सोडताना कुणाला संकोच वाटत नाही! पण तो अंश कुजताना मातीतील प्राणवायू शोषून घेतो आणि धानानंतर बांधीत पेरलेल्या हरभऱ्याची मुळे गुदमरतात. असे सांडपाणी जमिनीवर सोडण्यास १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानेच मनाई आहे. ज्याच्या धानावर गिरणी चालते, त्याचीच बांधी नासवायची, हा कुठला व्यवहार? प्रदूषण नियंत्रण मंडळाने गिरणीच्या कागदपत्रांआधी तिच्या मागची नाली तपासावी, आणि तीही हंगाम ऐन भरात असताना.