वनस्पतीचें नांव आणि लेखकाची साक्ष

घरांतील मुलगा किंवा मुलगी वनस्पतिशास्त्रांत संशोधन करीत असली म्हणजे वडील मंडळींच्या मनांत एक शंका हटकून येते. झाड डोंगरावर सांपडलें, तें नवें आहे असें अध्यापकांनींहि सांगितलें; मग त्यावर पांच-सहा पानांचा लेख लिहून छापून यावयास इतका काळ कां लागावा? अशा वेळीं मुलांच्या आळसाकडे किंवा नियतकालिकांच्या दिरंगाईकडे बोट दाखवून आपण मोकळे होतों. वस्तुतः या विलंबांतील पुष्कळसा भाग शास्त्राच्या सचोटीची किंमत म्हणून द्यावा लागतो. ती कशी, तें आज पाहूं.

उदाहरण आपल्या जिल्ह्यांतलेंच घ्यावें. विशाळगडाच्या परिसरांत आढळलेल्या एका कंदीलपुष्पाचें वर्णन २०२३ सालीं ‘फायटोटॅक्सा’ या न्यूझीलंडमधून निघणाऱ्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें, आणि छत्रपति शिवाजी महाराजांच्या स्मरणार्थ त्यास ‘सेरोपेजिया शिवरायीना’ हें नांव मिळालें. परंतु शास्त्राच्या दृष्टीनें त्या नांवाचा जन्म गडावर झाला नाहीं. लेख प्रसिद्ध झाला त्या दिवशीं झाला. वनस्पतींच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम याविषयीं कडक आहेत. १९५३ च्या आरंभापासून सामान्य वर्तमानपत्रांत छापलेलें नवें नांव ते ग्राह्य धरीत नाहींत; मग टेबलाच्या खणांत पडून राहिलेल्या हस्तलिखिताची कथा काय? आणि ज्या जातीस नांव नाहीं तिची गणना संकटग्रस्त जातींच्या यादींत व्हावी कशी? आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेकडील सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी निघाल्या आहेत. सडा खोदावयास निघालेल्या माणसापुढें निनांवी रोपट्याची बाजू कोण आणि कोणत्या शब्दांत मांडणार? एखाद्या जातीचें जीवितच लेख नीट लिहिला जाण्यावर अवलंबून असूं शकतें.

शोधलेख म्हणजे साक्ष होय. सतराव्या शतकांत हेंद्रिक व्हान ऱ्हीड या डच अधिकाऱ्यानें मलबारांतील वनस्पतींवर ‘हॉर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला. तो अ‍ॅम्स्टरडॅम येथें १६७८ ते १६९३ या काळांत छापला गेला. त्या कामीं इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचें मोठें साह्य झालें. त्याचप्रमाणें रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोंकणी ब्राह्मणहि खपले. या तिघांनीं १६७५ मध्यें लिहून दिलेलें कोंकणी प्रमाणपत्र नागरी अक्षरांत त्या ग्रंथांत छापलेलें आहे. आपण काय काम केलें हें त्यांनीं आपल्या नांवानिशीं सांगितलें, म्हणूनच साडेतीनशें वर्षांनीं आपण त्यांचें स्मरण करूं शकतों. त्याच व्हान ऱ्हीडच्या नांवावरून ‘ऱ्हीडिया’ हें वनस्पतिवर्गीकरणाचें भारतीय नियतकालिक १९९१ पासून निघूं लागलें.

न्यायालयांत साक्षीदारास जे प्रश्न विचारतात तेच येथेंहि विचारले जातात. काय पाहिलें? कोठें व केव्हां पाहिलें? पुरावा कोठें ठेवला? पुराव्यांत पहिला मान मूळ नमुन्याचा. कागदांत दाबून वाळविलेली, आणि स्थळ, दिनांक, गोळा करणाराचें नांव व क्रमांक यांची चिठ्ठी लाविलेली ती वनस्पति होय. १९९० पासून हा नमुना कोणत्या संग्रहांत ठेवला आहे तें लेखांत स्पष्ट सांगितल्यावांचून नवें नांव नियमांत बसत नाहीं. १९६२ सालीं स्थापन झालेल्या आपल्या शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिसंग्रह जगभरच्या अभ्यासकांत ‘एस्. यू. के.’ या अक्षरांनीं ओळखला जातो. परदेशांतील एखाद्या पंडितास लेखाविषयीं शंका आली तर त्याला तो नमुना पाहतां यावा, यासाठींच ही सारी खटपट.

त्यानंतर वर्णन. एकाच फुलाचें माप घेऊन भागत नाहीं. अनेक फुलें मोजून लहानांतलें लहान व मोठ्यांतलें मोठें माप द्यावें लागतें. जवळच्या जातींशीं तुलना करून भेद कोणता, तो कायमचा कीं जागेपरत्वें बदलणारा, हें सिद्ध करावें लागतें. त्यासाठीं जुने ग्रंथ चाळणें आलें. थिओडोर कुक याचा मुंबई इलाख्यांतील वनस्पतींवरील १९०१ ते १९०८ या काळांतला ग्रंथ, तसाच श्रीरंग यादव व मिलिंद सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्यांतील वनस्पतींवरील २००२ सालचा ग्रंथ, हे आपल्याकडील अभ्यासकास हाताशीं ठेवावेच लागतात.

संस्कृत शिकलेल्या वाचकांस यांतील एक गोष्ट विशेष गोड वाटेल. विशेषणानें विशेष्याचें लिंग घ्यावें हा आपला परिचित नियम लॅटिन नांवांसहि लागू आहे. ‘सेरोपेजिया’ हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून पुढील पदहि आकारान्त झालें. तो पुल्लिंगी असता तर शेवटीं ‘उस’ आणि नपुंसकलिंगी असता तर ‘उम’ आला असता. सपुष्प वनस्पतींच्या नव्या जातीचें वर्णन किंवा लक्षण १९३५ पासून २०११ च्या अखेरपर्यंत लॅटिनमध्येंच देणें भाग होतें. २०१२ पासून इंग्रजीहि चालूं लागली. लॅटिन वर्णनाची सक्ती गेली, व्याकरणाची मात्र राहिली आहे.

लेख सिद्ध झाल्यावर तो धाडण्याचे संकेत आहेत. प्रथम नियतकालिक कोणत्या विषयाचें आहे तें पाहावें. त्याच्या लेखकांसाठीं असलेल्या सूचना अक्षरशः पाळाव्या. आणि एका वेळीं एकाच ठिकाणीं लेख पाठवावा. एक वर दोन घरीं वाग्दत्त करावा तसा एकच लेख दोन संपादकांस देणें हा अधर्म होय. संपादक तो लेख त्या विषयांतील परीक्षकांकडे पाठवितात. त्यांच्या आक्षेपांवर रागावण्यांत अर्थ नाहीं. प्रत्येक आक्षेप उतरून घेऊन त्याखालीं उत्तर लिहावें. पटला तर लेख सुधारावा, न पटला तर पुराव्यानिशीं नम्रपणें तसें सांगावें. लेख परत आला तर तो अपमान समजूं नये. चुकीच्या कलमावर छापण्यापूर्वीं कोणी बोट ठेवलें, तर त्याचे उपकारच मानले पाहिजेत.

येथेंच कुटुंबाची कसोटी लागते. “शेजारच्यांच्या मुलाचे तीन लेख छापून आले, तुझा अजून एकहि नाहीं,” हें वाक्य जेवणाच्या पानावर ऐकणारा मुलगा अखेर पैसे घेऊन आठवडाभरांत छापून देणाऱ्याच्या दारीं जातो. नुसतें शुल्क घेणें हा दोष नव्हे. लेख सर्वांस विनामूल्य वाचतां यावा म्हणून कांहीं प्रामाणिक नियतकालिकेंहि लेखकाकडून शुल्क घेतात. परीक्षणाचें सोंग करणें हा दोष. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यादी २०२५ मध्यें बंद झाली. त्यामुळें पारख करण्याचा भार आतां संस्थांवर व लेखकांवर अधिकच पडला आहे. नामकरणाचे नियम तर परीक्षण झालें कीं नाहीं हें पाहतहि नाहींत. त्यांच्या अटी पुऱ्या झाल्या कीं घाईनें दिलेलें नांवहि दप्तरीं चढतें, आणि पुढच्या पिढीस तें निस्तरीत बसावें लागतें.

आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. लेखकांच्या यादींत ज्यानें काम केलें तोच असावा. केवळ अधिकारपदामुळें कोणाचें नांव घुसडूं नये. आणि ज्या गुराख्यानें अगर गांवकऱ्यानें रोप प्रथम दाखविलें त्याचे आभार, त्याची संमति घेऊन, नांवानिशीं मानावे. दुसरी गोष्ट स्थळाची. साक्ष पुरी व्हावी म्हणून ठिकाण सांगावें हें खरें, परंतु अगदीं पावलापर्यंतचा पत्ता छापला तर हौशी लोक दुर्मिळ कंद उकरून नेण्याची भीति असते. अशा वेळीं लेखांत परिसर सांगावा आणि नेमका ठाव संग्रहाच्या दप्तरीं अधिकारी अभ्यासकांपुरता ठेवावा, हा मध्यममार्ग शहाणपणाचा होय.

तात्पर्य, मुलांस “लेख छापला कां?” असें विचारण्याऐवजीं “नमुना संग्रहांत ठेवलास कां? मापें पुन्हा पडताळलींस कां? परीक्षकांस काय उत्तर दिलेंस?” असें विचारीत जावें. या प्रश्नांनीं त्यांचा हात स्थिर होईल. सड्यावरील रोपट्यास बोलतां येत नाहीं. त्याच्या वतीनें बोलणाराची साक्ष तरी खरी असावी.