अफझलगंजचा धडा आणि जुन्या गोव्याचा गिलावा

हैदराबादेत मुसी नदीच्या काठी, अफझलगंजच्या गजबजाटात, उस्मानिया रुग्णालयाची घुमटधारी इमारत उभी आहे. १९०८ च्या महापुरात येथील जुने रुग्णालय उद्ध्वस्त झाले. त्यानंतर निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत, व्हिन्सेंट एश या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार ही वास्तू उभारण्यात आली. जुलै २०२० मध्ये पावसाचे आणि गटाराचे पाणी तिच्या कक्षांत शिरले, रुग्णांना हलवावे लागले आणि जुनी इमारत बंद झाली. तत्पूर्वी २०१५ मध्ये ती पाडण्याचाही विचार पुढे आला होता. वारसाप्रेमींच्या विरोधामुळे तो मागे पडला. जानेवारी २०२५ मध्ये गोशामहल येथे नव्या रुग्णालयाची पायाभरणी झाली. महापुराच्या आठवणीतून जन्मलेली वास्तू तुंबलेल्या पाण्यापुढे हरली, एवढाच या कथेचा सारांश.

याच अफझलगंजपासून दोन-अडीच किलोमीटरांवर, गनफाउंड्री भागात, सेंट जोसेफ कॅथेड्रल आहे. फ्रेंच सेनानी रेमंड याने निजामासाठी उभारलेल्या तोफांच्या कारखान्यावरून या भागाला हे नाव पडले. १८७० च्या सुमारास मिलान येथील मिशनरींनी कॅथेड्रलचे काम सुरू केले आणि १८७५ च्या नाताळात ते उपासनेसाठी खुले झाले. दर्शनी भागाचे जुळे मनोरे नंतरचे. त्यांतील पाच घंटा इटलीहून आल्या. आत मायकेलअँजेलोच्या ‘पिएता’ शिल्पाची प्रतिकृती आहे. दीडशे वर्षे झाली, तरी येथे इंग्रजी आणि तेलुगू प्रार्थना अखंड चालू आहेत. रंगरंगोटी होते, छपराकडे लक्ष जाते, कारण गळती लागली तर पुढच्या रविवारी ती शेकडो भाविकांना दिसते. वारशाच्या रक्षणातील ही सर्वांत जुनी आणि सर्वांत स्वस्त व्यवस्था होय.

आसनाची वास्तू

कॅथेड्रल म्हणजे केवळ भव्य चर्च, असा समज रूढ आहे. वस्तुतः ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते, तेच कॅथेड्रल. लॅटिनमधील ‘कॅथेड्रा’ म्हणजे आसन. जुन्या गोव्याच्या ‘से’ कॅथेड्रलच्या नावातील ‘से’ हा शब्दही आसन याच अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. गोवा आणि हैदराबाद यांचा धागा येथे जुळतो. १८८६ मध्ये हैदराबाद धर्मप्रांत झाला आणि त्याच वर्षी गोव्याच्या आर्चबिशपांना ‘पूर्वेकडील पॅट्रिआर्क’ ही उपाधी मिळाली. २७ ऑगस्ट २०२२ रोजी रोममध्ये गोव्याचे फिलिप नेरी फेर्राव आणि हैदराबादचे अँथनी पूला हे दोघे एकाच सोहळ्यात कार्डिनल झाले.

मात्र दोन्ही वास्तूंचा घाट वेगळा आहे. गनफाउंड्रीचे कॅथेड्रल मुस्लिम संस्थानिकाच्या राजधानीत, मिशनरींच्या मर्यादित साधनांतून उभे राहिले. वस्तीत मिसळून जाणारा त्याचा आकार तेच सांगतो. ‘से’ कॅथेड्रल ही राजसत्तेची निर्मिती. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, सेंट कॅथरिनच्या सणाच्या दिवशी आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा जिंकला, म्हणून ते तिला अर्पण केलेले आहे. १५६२ मध्ये सुरू झालेले बांधकाम १६१९ मध्ये संपले. वेद्यांचे काम त्यानंतरही चालू राहिले. सुमारे ७६ मीटर लांबीच्या या वास्तूचा बाह्य भाग तस्कन शैलीचा, तर अंतर्भाग कोरिंथियन. दर्शनी भागाचे दोन मनोरे होते. त्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात प्रसिद्ध ‘सुवर्ण घंटा’ आहे. हे असमतोल रूपच आता ‘से’ची ओळख बनले आहे.

लाल भिंतींचा प्रश्न

‘से’ कॅथेड्रल पांढरेशुभ्र आहे. रस्त्यापलीकडील बॉम जेझू बासिलिका तांबडी. पर्यटकांना हा विरोधाभास मोहक वाटतो आणि छायाचित्रांतून तोच जगभर जातो. परंतु ही लाली मूळची नाही. १५९४ मध्ये बांधकाम सुरू होऊन १६०५ मध्ये उपासनेसाठी अर्पण झालेल्या या चर्चवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार काश्त्रो यांच्या देखरेखीखाली तो काढून टाकण्यात आला. मूळ दगड दिसल्याने वास्तूचे प्राचीनत्व खुलेल, ही त्यामागची कल्पना. दर्शनी भागावरील वसईहून आणलेला काळा दगड टणक आहे. भिंतींचा चिरा तसा नाही. तो सच्छिद्र, पाणी पिणारा. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि चिऱ्याच्या घराला गिलावा का लागतो, हे येथील कोणत्याही गवंड्याला विचारावे लागत नाही.

२०२० मध्ये बासिलिकेच्या रेक्टरांनी छपराच्या गळतीसह हा प्रश्न जाहीरपणे मांडला. छपराची दुरुस्ती हा त्यातील सोपा भाग. गिलाव्याचा निर्णय अवघड आहे, कारण तीन पिढ्यांनी बासिलिका तांबडीच पाहिली आहे. लाल रूप हाही आता इतिहासाचाच भाग झाला, या युक्तिवादात तथ्य आहे. घाईने सिमेंटचा थर चढवला तर ओल आतच कोंडून अपाय अधिक होईल, ही भीतीही रास्त आहे. तथापि चुन्याचा गिलावा स्वतः झिजून दगड वाचवतो आणि काही वर्षांनी पुन्हा करता येतो. झिजलेला चिरा मात्र परत येत नाही. रूप टिकवायचे की भिंत, अशी निवड करण्याची वेळ आली तर भिंतीच्या बाजूने कौल देणे शहाणपणाचे ठरेल.

जुन्या गोव्याची चर्चेस आणि कॉन्व्हेंट्स १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, उपासना चर्चकडे आणि परिसराचे नियोजन राज्य शासनाकडे, अशी तेथील विभागणी. अफझलगंजमध्ये इमारत बिघडली ती एका रात्रीत नव्हे. गटार कोणाचे, छप्पर कोणाचे आणि निधी कोणाचा, हे ठरेपर्यंत ती बिघडत गेली. जुन्या गोव्यातही २०२१ मध्ये संरक्षित क्षेत्रातील एका बंगल्याच्या बांधकामासाठी नागरिकांना रस्त्यावर उतरावे लागले, तेव्हा हीच फट दिसली होती.

सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या पार्थिवाचा गेला प्रदर्शन सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात पार पडला. पार्थिव बासिलिकेतून समोरच्या ‘से’ कॅथेड्रलमध्ये नेण्यात आले. उघड्या चिऱ्याच्या भिंतींतून गिलाव्याच्या भिंतींत झालेला हा प्रवास लाखो भाविकांनी पाहिला. दर दहा वर्षांच्या प्रथेनुसार पुढचा सोहळा २०३४ मध्ये अपेक्षित आहे. सोहळ्याच्या तोंडावर रस्ते, मंडप आणि रोषणाई यांसाठी निधी सहज मिळतो. भिंतींच्या ओलीचे मोजमाप, लहानशा भागावर चुन्याच्या गिलाव्याचा प्रयोग आणि त्याचे दोन-तीन पावसाळे निरीक्षण या कामांना मात्र उद्घाटनाची फीत नसते. ती आताच सुरू झाली, तर २०३४ पूर्वी निर्णय पुराव्यानिशी घेता येईल. अन्यथा मधले सगळे पावसाळे त्या चिऱ्याने उघड्यावरच काढायचे आहेत.