शिकत असाल तर भत्ता नाही!

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतून गेल्या काही आठवड्यांत जी पत्रे आली, त्यांचा विषय एकच आहे. लिहिणाऱ्यांत इलेक्ट्रॉनिक्स-दूरसंचार (ईएनटीसी) शाखेचे विद्यार्थी आहेत, पालक आहेत, शिकवणारेही आहेत. सगळ्यांचे म्हणणे असे की उन्हाळी इंटर्नशिप सक्तीची आहे, तिच्यासाठी पैसा कोणत्याच योजनेतून मिळत नाही, आणि जागा मागायला गेले की आपल्या व्यवसायातली माणसे दारातूनच परत पाठवतात. शेवटचा आरोप आपल्यावर आहे, म्हणून पत्रे 'वाचकांचे मत' या पानावर ढकलून मोकळे होता येत नाही.

आधी सरकारी बाजू पाहू. तंत्रनिकेतनाच्या 'आय' स्कीममध्ये चौथ्या सत्रानंतर सहा आठवड्यांचे औद्योगिक प्रशिक्षण सक्तीचे झाले. पदवीलाही एआयसीटीईने इंटर्नशिपला श्रेयांक जोडले. कल्पना उत्तम आहे. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहून अभियंता झालेली पिढी आपण पाहिली आहे, ती पुन्हा नको. पण काम सक्तीचे करणाऱ्याने त्या कामाच्या काळात विद्यार्थी जेवणार कशावर, हा हिशेब केलेला नाही.

भत्त्याच्या योजना नाहीत, असे मात्र नाही. राज्य सरकारने 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्याला दरमहा 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये. त्याच वर्षी केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली: 21 ते 24 वयोगट, बारा महिने, दरमहा 5,000 रुपये. दोन्हींच्या अटी वाचा. शिक्षण चालू असलेला उमेदवार राज्याच्या योजनेत अपात्र, पूर्णवेळ शिकणारा केंद्राच्या योजनेत अपात्र. एनएटीएसखालचे शिकाऊ उमेदवाराचे विद्यावेतन बहुतेकांच्या हाती पडते ते पदवी किंवा पदविका हातात आल्यावर. म्हणजे ज्याला अभ्यासक्रमाने कामावर जायला भाग पाडले आहे, नेमका तोच भत्त्याच्या यादीबाहेर. शिकत असाल तर भत्ता नाही, आणि काम केले नाही तर गुण नाहीत! दोन खात्यांनी एकमेकांची परिपत्रके एकदा जरी वाचली असती, तरी हा विनोद टळला असता.

आता शिष्यवृत्तीकडे या. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मे शिक्षण शुल्क सुटते. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे पूर्ण शिक्षण शुल्क माफ झाले. हा निर्णय चांगला आहे आणि पोलादपूरच्या खोऱ्यांतल्या मुलींना त्याचा खरा उपयोग आहे. पण शुल्काचा व्यवहार कॉलेजपुरता. मे-जूनमध्ये ठाण्यात किंवा पुण्यात सहा आठवडे राहायचे, तर खोलीचे डिपॉझिट, खानावळ आणि लोकलचा पास यांना शिष्यवृत्तीच्या कोणत्याही रकान्यात जागा नाही. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा मूळ हिशेबही दहा महिन्यांचा, कारण उन्हाळ्यात मूल घरी असते असे गृहीत धरलेले! एसटीचा सवलतीचा विद्यार्थी पास घर ते कॉलेज एवढ्याच वाटेचा. कुडपण किंवा उमरठच्या मुलाने महाडच्या एमआयडीसीत रोज कामाला यायचे ठरवले, तर पुरे तिकीट काढावे.

मुलींसाठीची एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती तेवढी वेगळी आहे. वर्षाला 50,000 रुपये, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत, कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. ही रक्कम संगणक, पुस्तके, उपकरणे यांवर खर्च करता येते. पण अर्ज करायचा तो पदवीच्या किंवा पदविकेच्या पहिल्या वर्षी, अथवा थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेताना. तिसऱ्या वर्षाला माहिती कळलेल्या मुलीला तिचा उपयोग नाही. ही माहिती पहिल्या वर्षीच सांगणे हे कॉलेजचे काम आहे, आणि सूचना फलकावर एक कागद डकवला की ते काम झाले असे होत नाही.

अर्जाची वाट तर आपल्या धंद्याला लाजवणारी आहे. महाडीबीटीवर आणि राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करताना ओटीपी लागतो. पोलादपूर तालुक्यातले कितीतरी बाप चाकरमानी. आधारला जोडलेला मोबाइल बापाच्या खिशात मुंबईत, आणि मुलगी सेवा केंद्रातल्या रांगेत. बाप कामावर असतो, फोन उचलत नाही, ओटीपीची मुदत संपते, रांग पुन्हा पहिल्यापासून. मोबाइल मुलीच्याच हातात असला, तरी डोंगराच्या आडोशाच्या वाडीत त्याला रेंज नाही. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आला, की बँक खाते आधारशी 'सीड' नसल्याचे कळते. तेही झाले, की अर्ज कॉलेजच्या लॉगिनमध्ये पडून राहतो. बिनतारी दळणवळण शिकणाऱ्या मुलीला सहा आकडी संदेश मिळवायला टेकडी चढावी लागते, आणि या टेकड्यांवरचे टॉवर सांभाळणारे आपले सभासद आहेत. ज्या केंद्रांत असे अर्ज अडतात, तिथे ओटीपीऐवजी बोटाचा ठसा चालवा, एवढी साधी मागणी संबंधित खात्यांकडे कोणी लावून धरली आहे का?

या कोंडीतून एक बाजार उभा राहिला आहे आणि तो आपल्याला ठाऊक आहे. थोडी रक्कम भरा, चार ध्वनिचित्रफिती पाहा, 'आयओटी अँड वायरलेस' असे छापलेले प्रमाणपत्र घ्या. कॉलेजला फाइल हवी असते, फाइलला शिक्का हवा असतो, शिक्का मिळतो. दुसरा बाजार आणखी जवळचा आहे. ओळखीच्या मुलाला दुकानाच्या लेटरहेडवर सहा आठवड्यांचे पत्र फुकट द्यायचे, दैनंदिनीवर एका बैठकीत बेचाळीस दिवसांच्या सह्या करायच्या आणि त्याला घरी पाठवायचे. यात आपण मुलावर उपकार करतो, असा अनेकांचा समज आहे. त्याच मुलाला दोन वर्षांनी आपण मुलाखतीत एसडब्ल्यूआर विचारतो आणि उत्तर आले नाही की कॉलेजांच्या नावाने बोटे मोडतो.

सभासदांच्या सबबी आम्हाला पाठ आहेत. मुले मशीन बिघडवतात. शिकवायला वेळ नाही. शिकून निघून जातात. कारखान्यात सुरक्षेचा प्रश्न आहे. शेवटच्या सबबीत तथ्य आहे. रासायनिक कारखान्याच्या धोक्याच्या क्षेत्रात विद्यार्थ्याला एकटे सोडता येत नाही. पण कार्यशाळेत, नियंत्रण कक्षात, दुरुस्तीच्या टेबलावर कोणता वायू गळतो? महाड एमआयडीसीतल्या इन्स्ट्रुमेंटेशन विभागांत आपले वाचक आहेत. त्यांतल्या किती जणांनी गेल्या उन्हाळ्यात एक तरी विद्यार्थी घेतला, हे त्यांनीच स्वतःला विचारावे.

या मुलांनी मुंबईलाच जावे, असे काही नाही. उत्तरेला महामार्गावरच, माणगाव तालुक्यातल्या लोणेरे इथे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. ईएनटीसी तिथे शिकवतात. कोकण रेल्वेची पूरसूचना यंत्रणा ज्या तीन पुलांवर आहे, त्यांतले दोन आपल्याच परिसरातले: माणगाव-वीरमधला काळ नदीवरचा आणि वीर-सापे वामणेमधला सावित्रीवरचा. माणगाव स्थानकात स्वयंचलित पर्जन्यमापक आहे. स्थानकांत 25 वॅटचे व्हीएचएफ बेस स्टेशन आहे आणि चालक व गार्ड यांच्याकडे वॉकीटॉकी. पाठ्यपुस्तकातले टेलिमेट्रीचे प्रकरण वीरच्या आसपास प्रत्यक्ष उभे आहे.

आणि गरज काय आहे, हे इथल्या माणसाला सांगायला नको. 2005 च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी आल्या. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि वाहने एकामागून एक पाण्यात गेली. 22 जुलै 2021 ला महाड बुडाले, वीज गेली, मोबाइल मुके झाले. त्याच संध्याकाळी तळियेवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. मोठी मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही तसेच झाले. केरळात मुन्नारजवळच्या डोंगरात अमृता विद्यापीठाने दरडीच्या सूचनेसाठी बिनतारी सेन्सरचे जाळे कधीच उभे केले आहे. तिथल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी जे केले, ते सावित्रीच्या खोऱ्यात करायला कोणाच्या परवानगीची वाट पाहायची? 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा 2005 पासून परवानामुक्त आहे: एक वॅट ट्रान्समीटर, चार वॅट ईआरपी, 200 किलोहर्ट्झ कॅरियर. लोराचे मॉड्यूल आपल्यापैकी निम्म्यांच्या खणात धूळ खात पडले असेल.

तेव्हा सहा आठवड्यांत काय करून घ्यायचे, हा प्रश्न कोणी विचारू नये. पोलादपूर ते कोतवाल, पोलादपूर ते उमरठ अशा वाटांवर दर अर्ध्या किलोमीटरला आरएसएसआय नोंदवा. मेमध्ये एकदा आणि पाऊस लागल्यावर पुन्हा, म्हणजे ओल्या रानातला ऱ्हास आकड्यांत दिसेल. लिंक बजेट कागदावर मांडा आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहा. तालुक्यातल्या प्रत्येक रिपीटरची बॅटरी वीज गेल्यावर किती तास टिकते, याची मालकाच्या संमतीने यादी करा. अर्थिंगचा रोध मोजा. ग्रामपंचायतीच्या छपरावर पर्जन्यमापक बसवून त्याचे आकडे मोबाइलच्या जाळ्याशिवाय तहसीलपर्यंत पोहोचवून दाखवा. एवढे केलेल्या मुलाला प्रमाणपत्राची गरज उरणार नाही, त्याची वहीच पुरेशी होईल.

विद्यार्थ्यांनीही उन्हाळ्याचा विचार उन्हाळ्यात करू नये. भारतीय विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच घेतले जातात. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या आहेत आणि तिथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षण मिळते. पवईच्या 'समीर' संस्थेकडेही अर्ज करता येतो. मे महिन्यात चौकशी करणाऱ्याला ही दारे बंदच दिसणार. आणि हौशी रेडिओचा परवाना या वर्षीच काढा. परीक्षा फार अवघड नाही, बाराव्या वर्षापासून देता येते आणि रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही.

सरकारकडे मागण्या तीनच. अभ्यासक्रमात सक्तीची असलेली इंटर्नशिप करणाऱ्यांना कार्यप्रशिक्षण योजनेच्या भत्त्यात घ्या, निदान त्या सहा आठवड्यांपुरते. एसटीचा पास इंटर्नशिपच्या मार्गावर चालू द्या. शिष्यवृत्तीच्या अर्जात ओटीपीला पर्याय द्या. यांतल्या दोन गोष्टी तर नुसत्या परिपत्रकाने होतील.

पण परिपत्रकाची वाट पाहत बसलो तर आणखी एक तुकडी बोगस शिक्क्यावर उत्तीर्ण होईल. म्हणून महाड, पोलादपूर आणि माणगावच्या प्रत्येक सभासदाला आमचे थेट सांगणे आहे: येत्या मेपासून प्रत्येक कार्यशाळेने दोन विद्यार्थी घ्यावेत, त्यांतली एक मुलगी असावी, दोघांना महिना किमान 5,000 रुपये द्यावेत, आणि काम न करणाऱ्याच्या दैनंदिनीवर सही करू नये. जे घेणार आहेत त्यांनी आपले नाव, कामाचे स्वरूप आणि तारखा आम्हाला कळवाव्यात. ती यादी आम्ही जाहिरातीचे एक पान कमी करून छापू. सहा आठवड्यांचे 15,000 रुपये दोघांमागे खर्च होतील. एका बऱ्या मीटरची किंमत याहून जास्त असते.