इंग्रजी शब्द आणि आमची घोकंपट्टी

आमच्या सुशिक्षित कुटुंबांत सध्यां ज्या कांहीं गोष्टी निष्ठेनें पाळल्या जातात, त्यांत मुलांकडून इंग्रजी शब्द पाठ करून घेणें ही एक प्रमुख होय. दिवेलागणीच्या वेळीं पूर्वी ज्या घरांतून परवचा ऐकूं येई, त्या घरांतून आतां 'इन्स्पेक्ट म्हणजे तपासणें, एक्स्पेक्ट म्हणजे अपेक्षा करणें, रिस्पेक्ट म्हणजे मान देणें, सस्पेक्ट म्हणजे संशय घेणें' असा घोष ऐकूं येतो. परवचा म्हणणाऱ्या मुलाला बे दुणे चार कां होतात हें निदान बोटांवर मोजून पाहतां येत असे. ह्या नव्या परवच्यांत तेवढीहि सोय नाहीं. वहीच्या डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठी अर्थ, मध्यें एक उभी रेघ. आणि ती रेघ ओलांडण्यास पाठांतराखेरीज दुसरा मार्ग नाहीं, अशी मुलाची व त्याच्या आईबापांची पक्की समजूत! ही समजूत चुकीची आहे, इतकेंच नव्हे तर मुलाच्या बुद्धीस अपायकारक आहे, आणि तिचा दोष मुख्यतः आम्हां सुशिक्षितांकडेच येतो, असें आमचें स्पष्ट मत आहे. तें सकारण मांडण्याचा येथें विचार आहे.

वर आलेले चार शब्दच घ्या. चौघांच्याहि पोटीं एकच लॅटिन धातु आहे, व त्याचा अर्थ 'पाहणें' असा आहे. 'इन्' म्हणजे आंत. आंत डोकावून पाहणें तें इन्स्पेक्ट. 'एक्स्' म्हणजे बाहेर. कोणी यावयाचें असलें म्हणजे आपण दाराबाहेर डोळे लावून बसतों, तें एक्स्पेक्ट. 'रि' म्हणजे मागें किंवा पुन्हां. ज्याच्याकडे आपण वळून पाहतों त्याच्याविषयींची भावना ती रिस्पेक्ट. 'सब्' म्हणजे खालीं. सरळ नजरेस नजर न देतां खालून वर पाहणें तें सस्पेक्ट. एवढें एकदां समजलें कीं पुढें पाहणें तें प्रॉस्पेक्ट, मागें वळून पाहणें तें रिट्रॉस्पेक्ट, पाहणारा तो स्पेक्टेटर, हे शब्द मुलाला शिकवावे लागत नाहींत. तें स्वतःच ओळखतें, आणि ओळखलेला शब्द पाठ केलेल्या शब्दासारखा परीक्षा संपतांच पळून जात नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, लॅटिन धातूंची ही पंडिती दहा वर्षांच्या मराठी मुलाला कशी पेलावी? आमचें उत्तर असें कीं, त्या मुलाच्या जिभेवर हीच रचना आधींच खेळत आहे. संस्कृतांत 'ईक्ष्' म्हणजे पाहणें. निरखून पाहणें तें निरीक्षण, सर्व बाजूंनीं पाहणें ती परीक्षा, वाट पाहणें ती प्रतीक्षा, नीट साकल्यानें पाहणें ती समीक्षा, पाहून न पाहिल्यासारखें करणें ती उपेक्षा, आणि पाहणारा तो प्रेक्षक. इन्स्पेक्टराला आम्ही निरीक्षक म्हणतों, स्पेक्टेटराला प्रेक्षक म्हणतों, आणि एक्स्पेक्ट करण्याला अपेक्षा म्हणतों, तेव्हां दोन्ही भाषा एकाच युक्तीनें चाललेल्या असतात: पाहण्याचा धातु घ्यावयाचा, त्याच्यापुढें दिशा दाखविणारा उपसर्ग बसवावयाचा, आणि नवा अर्थ उभा करावयाचा. परंतु ज्या परीक्षेच्या धास्तीनें मूल रात्र रात्र जागतें, त्या 'परीक्षा' शब्दांत 'परि' कोणता आणि 'ईक्षा' कोणती, हें त्याला कोणी सांगितलेलें नसतें. आपल्या घरांतील किल्ली न दाखवितां आम्ही त्याला परक्या कुलपापुढें उभें करतों आणि मग तें कुलूप उघडत नाहीं म्हणून त्याला शिकवणी लावतों!

हें साम्य केवळ योगायोगाचें नाहीं. शब्द फोडून धातु, उपसर्ग व प्रत्यय वेगळे दाखविण्याचें शास्त्र पाणिनीनें सुमारें ४,००० सूत्रांत बांधून ठेविलें. त्याच्या परंपरेंतील धातुपाठांत सुमारें २,००० धातु आहेत, आणि उपसर्ग अवघे २२. पुढें सर विल्यम जोन्स यानें इ. स. १७८६ मध्यें कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढें संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या भाषा एकाच मूळ उगमांतून निघाल्या असाव्यात, असें प्रतिपादन केलें, आणि तेथून तौलनिक भाषाशास्त्राला मोठी चालना मिळाली. आमचा 'स्था' व इंग्रजीच्या स्टेशन, स्टेट, इन्स्टिट्यूशन यांतील धातु, आमचा 'ज्ञा' व कॉग्निशनमधील धातु, आमचा 'भृ' व ट्रान्सफर, रेफर, प्रिफर यांतील 'फर', आमचा 'अंतर्' व त्यांचा 'इंटर', आमचा 'परि' व पेरिस्कोपमधील 'पेरि' हे खरोखरच भाऊबंद आहेत. 'संस्था' आणि 'इन्स्टिट्यूशन' हे केवळ समानार्थी नसून एका कुळांतले शब्द आहेत, हें ज्या मुलाला कळलें, त्याला इंग्रजी ही आकाशांतून पडलेली वस्तु वाटणार नाहीं.

येथेंच दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाहि इशारा दिला पाहिजे. भावंडांचें नातें दिसलें कीं लगेच एकाला दुसऱ्याचा बाप ठरवावयाचें आणि इंग्रजी ही संस्कृतापासूनच निघाली अशी आरोळी ठोकावयाची, हा स्वाभिमान नव्हे, अज्ञान आहे. 'डे' आणि 'दिवस' यांचें तोंड सारखें दिसतें, अर्थहि एकच आहे. तरी भाषाशास्त्रज्ञ त्या दोघांना एका धातूचे मानीत नाहींत. नात्याचा निर्णय ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांनीं होतो, चेहरेपट्टीवरून नव्हे.

शिवाय ही केवळ संस्कृताची मिरास आहे असेंहि नाहीं. 'गैरहजर', 'नापसंत', 'बिनचूक', 'दररोज', 'दुकानदार', 'चुगलखोर' हे शब्द ज्याच्या तोंडीं आहेत, त्याच्याजवळ फारशी वळणाच्या उपसर्ग-प्रत्ययांचा साठा आयताच आहे. 'गैरसमज' ह्या शब्दांत तर परका 'गैर' आणि घरचा 'समज' सुखानें एकत्र नांदतात. टेलिव्हिजन ह्या शब्दांत ग्रीक 'टेलि' आणि लॅटिन 'व्हिजन' नांदतात तसेच. मराठींत 'पाणी' बोलण्यांत, 'जल' ग्रंथांत आणि 'आब' फारशी समासांत. इंग्रजींत 'वॉटर' बोलण्यांत, 'ॲक्वा' लॅटिन घडणीच्या शब्दांत आणि 'हायड्रो' ग्रीक घडणीच्या शब्दांत. दोन्ही भाषांनीं तीन तीन पेवांतलें धान्य खाल्लें आहे. एकीचें पेव उघडून दाखविलें तर दुसरीचें सहज समजतें.

शास्त्रीय परिभाषेंत तर ही गोष्ट फारच ठळक होते. त्रिकोणमिति हा शब्द ऐकतांच तीन, कोण आणि मोजणें हे तिन्ही अर्थ मराठी मुलाच्या कानावर पडतात. 'ट्रिगॉनॉमेट्री' ह्या शब्दांतहि तेच तीन अर्थ त्याच क्रमानें बसलेले आहेत. चतुष्पाद तो क्वाड्रुपेड, दूरध्वनि तो टेलिफोन, सूक्ष्मदर्शक तो मायक्रोस्कोप. मराठी नांव शिकवितांना इंग्रजी नांवाची फोड दाखवावी, इतकें सोपें हें काम आहे. महाराष्ट्रांत इ. स. २००० पासून मराठी शाळांतूनहि पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दोन्ही भाषा एकाच दप्तरांत रोज शेजारीं शेजारीं असतात. परंतु इंग्रजीच्या तासाला मराठीचें नांव काढावयाचें नाहीं आणि मराठीच्या तासाला इंग्रजीचें, अशी सोवळ्याची रीत आम्हीं पाडून ठेविली आहे. इंग्रजी माध्यमाच्या मुलाची अवस्था ह्याहून केविलवाणी. त्याला ट्रिगॉनॉमेट्री हा नुसता पांच अवयवांचा आवाज, आणि त्रिकोणमिति तर त्यानें ऐकलेलीच नसते.

स्पेलिंगाचा जाच हाहि पुष्कळसा ह्याच अज्ञानाचें फळ. कर्ज ह्या अर्थाच्या 'डेट' शब्दांत न उच्चारला जाणारा 'बी' कशाला, असें मूल विचारतें आणि 'इंग्रजी अशीच वेडी भाषा आहे' असें सांगून आम्ही मोकळे होतों. तोच 'बी' बँकेच्या पासबुकांतील 'डेबिट' ह्या शब्दांत स्पष्ट ऐकूं येतो. दोघांचें मूळ एक. 'साइन' मधील मुका 'जी' हा 'सिग्नल' आणि 'सिग्नेचर' यांत बोलूं लागतो. ज्याला मूळ कळलें, त्याला तें अक्षर विसरणें कठीण.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, भाषा ऐकून आणि वाचून येते; शब्दांची चिरफाड करून येत नाहीं. यांत सत्यांश आहे. 'पुट ऑफ', 'गिव्ह इन', 'पुट अप विथ' असले रोजचे वाक्प्रचार कोणत्याहि लॅटिन धातूच्या आधारें समजणार नाहींत. ते कानांनीं आणि पुस्तकांनींच शिकावयाचे. वाचनाला पर्याय नाहीं, हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु कायदा, वैद्यक, शास्त्र व राज्यव्यवहार यांतील शब्द सामान्य वाचनांत इतके विरळ येतात कीं, केवळ भेटीगांठींवर त्यांची ओळख पटेपर्यंत अर्धें आयुष्य निघून जाईल. तेथें फोड करण्याची संवयच कामास येते.

दुसरा प्रकार आक्षेपाचा नसून व्यापाराचा आहे. 'शंभर धातु शिका आणि हजारों शब्दांचे धनी व्हा' अशी ग्वाही देणाऱ्या पुस्तिका व शिकवण्या बाजारांत पुष्कळ आहेत. नॉर्मन लुईस ह्या अमेरिकन ग्रंथकाराचें इ. स. १९४९ मध्यें निघालेलें 'वर्ड पॉवर मेड ईझी' हें पुस्तक ह्याच पद्धतीचें, आणि तें आमच्याकडे पदपथावरील दुकानांतहि मिळतें. पुस्तक चांगलें आहे. परंतु आमचे उमेदवार त्याचें काय करतात? पूर्वी शब्दांची यादी पाठ करीत, आतां धातूंची यादी पाठ करतात. घोकंपट्टीनें केवळ वस्त्र बदललें! आणि धातूवर आंधळा विश्वास ठेवणें हें तर धोक्याचेंच. 'पेडेस्ट्रिअन' मधील 'पेड' म्हणजे पाय. म्हणून 'पेडिआट्रिशन' हा पायांचा वैद्य ठरवाल तर फसाल, कारण तेथील धातु ग्रीक असून त्याचा अर्थ मूल असा आहे. 'इन्व्हिजिबल' मधील 'इन्' नकारार्थी आहे. म्हणून 'इन्फ्लेमेबल' म्हणजे न पेटणारें असें समजाल तर प्राणाशीं गांठ, कारण त्याचा अर्थ चटकन पेट घेणारें असा आहे. ह्याच गोंधळाच्या भीतीनें इंग्रजी बोलणाऱ्या देशांतहि 'फ्लेमेबल' असें लिहिण्याचा प्रघात पडला. अर्थ काळानुसार वाहवत जातात. 'शिक्षा' म्हणजे हिंदींत विद्या आणि मराठींत दंड. दोघींचा धातु एकच. धातु हा अर्थाचा तर्क करावयास शिकवितो. तो तर्क खरा कीं खोटा हें वाक्य पाहून आणि कोश उघडूनच ठरवावें लागतें.

आमची खरी तक्रार मात्र शाळांवर नाहीं कीं पुस्तकविक्यांवर नाहीं. ती आमच्याच वर्गावर आहे. पुष्कळ शाळांतून आठवीपासून संस्कृत घेतां येतें, आणि आमच्या घरांतील मुलें तें मोठ्या संख्येनें घेतातहि. कशासाठीं? तर त्यांत गुण भरपूर मिळतात म्हणून! रूपें पाठ, सुभाषितें पाठ, भाषांतरें पाठ. नव्वदावर गुण पदरांत पडले कीं संस्कृताचें काम झालें. ज्या भाषेनें शब्दाची नाडी पाहण्याची विद्या शिकवावयाची, तिलाच आम्हीं गुणपत्रिकेची टक्केवारी फुगविण्यास लाविलें. मग 'उपसर्ग' ह्या शब्दांतीलच 'उप' ज्याला दिसत नाहीं, त्याला 'प्रिफिक्स' मधील 'प्रि' कसा दिसावा? स्वभाषेचे सांधे ज्याला ठाऊक नाहींत, त्याला परभाषेचे सांधेहि पाठच करावे लागतात. इंग्रजीसाठीं मराठीकडे दुर्लक्ष करणारे पालक इंग्रजीचेंच नुकसान करतात, हें आमच्या म्हणण्याचें सार आहे.

उपाय खर्चाचा नाहीं. आठवड्याला एक धातु पुरे. रविवारीं आईनें वा वडिलांनीं मुलाजवळ बसावें. आधीं मराठी कुटुंब मांडावें: हारापासून आहार, प्रहार, विहार, संहार, परिहार. प्रत्येकांत उपसर्गानें काय केलें हें मुलालाच विचारावें. मग त्याच्याशेजारीं इंग्रजी कुटुंब मांडावें: इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, रिपोर्ट, सपोर्ट, वाहून नेणें हा अर्थ कोठें उघड आहे आणि कोठें झांकला गेला आहे, हें शोधूं द्यावें. शेवटीं व्युत्पत्ति देणारा एखादा मोठा कोश उघडून तर्क पडताळून पाहावा, आणि चुकलेल्या तर्काबद्दल मुलाला रागें भरूं नये. कसोटी घ्यावयाची ती शिकविलेल्या शब्दांची नव्हे, कधींहि न पाहिलेल्या शब्दाची घ्यावी. अनोळखी शब्दापुढें मूल थबकून 'हें मला शिकविलेलें नाहीं' असें म्हणतें, कीं त्याला हात लावून 'हा कशाचा बनला असेल?' असें विचारतें, ह्यावर त्याचें शिक्षण झालें कीं नाहीं हें ठरेल. पहिल्या जातीचीं मुलें आम्हीं पुष्कळ तयार केलीं. दुसऱ्या जातीचीं तयार करण्याची विद्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. ती अडगळींतून काढून मुलांच्या हातीं देणें एवढेंच काय तें आमच्याकडून व्हावयाचें राहिलें आहे.