पास काढण्याआधी मुक्काम ठरवा

रॉकी पर्वतात आगगाडीने जायचे ठरले, की अमेरिकेतल्या मराठी घरांत पहिला सल्ला मिळतो तो पासचा. सगळ्यांचे पास काढून टाका, स्वस्त पडेल आणि मोकळेपणी फिरता येईल, असे ठामपणे सांगितले जाते. या सल्ल्यामागे खरा अनुभव आहे, पण तो दुसऱ्या रेल्वेचा. मुंबईच्या लोकलचा मासिक पास असला की दिवसातून कितीदाही चढा-उतरा, कोणी हिशेब मागत नाही. स्विस ट्रॅव्हल पासही मुदत संपेपर्यंत गाड्या मोजत बसत नाही, म्हणून आल्प्समध्ये दर दोन तासांनी गाडी बदलणाऱ्याला तो परवडतो. अमेरिकी रेल्वेचा, म्हणजे अ‍ॅमट्रॅकचा ४९९ डॉलरचा यूएसए रेल पास मात्र दिवसांबरोबर टप्पेही मोजतो. तीस दिवसांत दहा टप्पे, आणि टप्पा म्हणजे एका गाडीत चढल्यापासून उतरेपर्यंतचा प्रवास, मग तो पन्नास मैलांचा असो वा दोन हजार मैलांचा. नाव पासच असले तरी सोय वेगळी आहे, आणि डोंगरातल्या सहलीत हा फरक थेट खिशाला जाणवतो.

डोंगरात माणूस जातो तो मध्येच उतरण्यासाठी. शिकागोहून एमरीव्हिलला जाणारी कॅलिफोर्निया झेफिर २,४३८ मैल धावते. तिच्यात एकदा बसून थेट शेवटपर्यंत गेले तर पासचा एकच टप्पा खर्च होतो. तीच गाडी डेन्व्हरला आणि ग्लेनवुड स्प्रिंग्जला सोडून पुढच्या दिवशीची धरली, तर तेवढ्याच अंतराचे तीन टप्पे होतात. म्हणजे थांबत थांबत डोंगर पाहणाऱ्याचा पास भराभर संपतो आणि खिडकीतून पाहत जाणाऱ्याला तो पुरून उरतो. डेन्व्हरहून विंटर पार्कला जाणारी हिवाळी गाडी घ्या. १९२८ साली खुल्या झालेल्या, सहा मैलांहून लांब मॉफट बोगद्यातून ती बर्फाच्या उतारांपाशी नेऊन सोडते. २०२४-२५च्या हंगामात तिचे एका बाजूचे तिकीट १९ डॉलरपासून होते. दहाही टप्पे वापरले तरी पासचा एक टप्पा पन्नास डॉलरला पडतो. इथे तो खर्च करणे निव्वळ आतबट्ट्याचे आहे.

यावर पहिला आक्षेप येतो की तिकिटांचे दर रोज बदलतात, पासची किंमत मात्र ठरलेली. ते खरे आहे. पण आई-वडील, आजी-आजोबा आणि शाळकरी मूल अशा कुटुंबाचा हिशेब मांडून पाहा. शिकागो, डेन्व्हर, ग्लेनवुड आणि त्याच वाटेने परत, असे चार टप्पे होतात. प्रत्येक मोठ्या माणसाला पासचा टप्पा सुमारे १२५ डॉलरला पडला. डेन्व्हर ते ग्लेनवुड हा जेमतेम सहा तासांचा प्रवास, वेळेवर काढलेल्या साध्या तिकिटाला सहसा एवढे पडत नाही. शिवाय सुट्या तिकिटावर दोन ते बारा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसासोबत निम्मे भाडे आणि पासष्टी ओलांडलेल्यांना दहा टक्के सूट मिळते. पास फक्त बसण्याच्या डब्याचा असतो. ज्येष्ठांना रात्रभर खुर्चीत बसवून केलेली बचत मला बचत वाटत नाही. जाताना एक रात्र झोपण्याची खोली आणि बाकी बसून, अशी मिसळ सुट्या तिकिटांतच जमते.

दुसरा आक्षेप मोकळेपणाचा. पास घेतला तरी प्रत्येक गाडीचे आरक्षण आधी करावेच लागते, आणि पासवाल्यांसाठी जागा मर्यादित असतात. या मार्गांवर दिवसाला दोन्ही दिशांना एकेकच गाडी आहे. चुकली की चोवीस तास गेले. स्टेशनवर जाऊन समोर येईल ती गाडी पकडण्याची युरोपी चैन इथे नाही.

तरीही पास वाईट, असे माझे म्हणणे नाही. एकट्या, खुर्चीत झोप लागणाऱ्या प्रवाशाने मोठे वर्तुळ आखले, तर पासइतके स्वस्त दुसरे काही सापडणे कठीण. शिकागोहून डेन्व्हर, तिथून ग्लेनवुड, पुढे एमरीव्हिल. कोस्ट स्टारलाइट गाडीने सिएटल. एम्पायर बिल्डर गाडीने ईस्ट ग्लेशियर पार्क आणि तिथून पुन्हा शिकागो. सहाच टप्पे झाले, चार वाया गेले, तरी टप्पा ८३ डॉलरला पडला, आणि यातले बहुतेक टप्पे शेकडो मैलांचे आहेत. न वापरलेल्या टप्प्यांची हळहळ करण्याचे कारण नाही. ते संपवण्यासाठी नको तिथे उतरणे हाच खरा तोटा.

मोटार स्वस्त, हा आक्षेप चौघांच्या कुटुंबापुरता मी मान्य करतो. इंधनाचा खर्च चौघांत वाटला की रेल्वे हरते. पण सप्टेंबर ते मे या काळात कोलोरॅडोत आय-७० महामार्गाच्या डोंगरी भागात योग्य टायर किंवा साखळ्या बाळगण्याचा कायदा आहे. भाड्याच्या गाडीत ते असतीलच असे नाही, आणि बर्फात चालवण्याची सवय हा वेगळाच प्रश्न. ग्लेशियरला तर रेल्वेची बाजू मुळापासून भक्कम आहे. १९१०मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर ग्रेट नॉर्दर्न रेल्वेनेच तिथे स्विस धाटणीची निवासस्थाने उभारली. १९१३चे ग्लेशियर पार्क लॉज स्टेशनच्या समोरच आहे. मात्र ईस्ट ग्लेशियरचा थांबा आणि ते लॉज, दोन्ही हिवाळ्यात बंद असतात. त्यामुळे वरच्या मोठ्या वर्तुळाचा बेत उन्हाळ्याचा, म्हणजे ऐन गर्दीचा. पैसे भरण्याआधी सिएटलहून निघणाऱ्या गाडीत हव्या त्या तारखांना जागा आहे का ते पाहावे, ती दिसल्यावर पास घ्यावा आणि त्याच बैठकीत सहाही आरक्षणे उरकावीत.