डोंगर रोह्यांनी खाल्ला काय?

खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा. माहूर-किनवटपासून अहमदपूर-चाकूरपर्यंत रोह्यांचा (नीलगायींचा) कळप शिवारात शिरला की उभे पीक आडवे होते. शेतकऱ्याचा संताप रास्तच आहे. पण डोंगर बोडका झाल्याचा ठपकाही रोह्यावरच ठेवणे घाईचे होईल.

दोनशे किलोचा हा प्राणी गवत खातो, तसाच पाला, शेंगा, बोरेही खातो. चरून तो पुढे सरकला तर गवताचे काही बिघडत नाही, बुडातून पुन्हा फूट निघते. त्या फुटव्याला उसंत मिळाली नाही की मात्र घसरण सुरू होते. आधी पवन्या, मारवेल ही चवीची गवते जातात, मग कुसळी माजते, आणि शेवटी उरतात जनावर सहसा तोंड लावत नाही ते तरवड आणि टणटणी. बालाघाटच्या माळांवर हेच दिसते. पण त्यात गुरे-शेळ्या, कुऱ्हाड आणि वणवा यांचा वाटा किती?

रोही ठरावीक जागी लेंड्या टाकतो. पावसाळ्यात असा ढीग जवळून पाहावा. त्यात बाभळीची, बोरीची इवली रोपे तरारलेली सापडतात. वेडी बाभूळही याच वाटेने पसरते. हवे ते आणि नको ते, दोन्ही तोच पेरतो.

चराई बंद केली की सारे सुधारते, असेही नाही. उत्तराखंडातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्स १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाले, मेंढ्यांची चराई थांबली; पुढे पॉलिगोनम हे तण इतके फोफावले की वन विभागाला ते उपटण्याच्या मोहिमा काढाव्या लागल्या. चराईबंदीनेच ते झाले का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. तिथे उरल्यासुरल्या गवताळ उतारावर खड्डे खणून गिरिपुष्प लावणे ही सरळ चूक आहे. गवतच राहिले नाही तर रोही शिवाराकडेच वळणार.

कोणाचा वाटा किती हे कळावे म्हणून वडवळ नागनाथच्या वनौषधींच्या बेटावर आणि माहूरच्या डोंगरात वन विभागाने व नांदेडच्या विद्यापीठाने मिळून तीन-तीन तुकडे आखावेत: एकाला रोहीही अडेल असे उंच कुंपण, दुसऱ्याला फक्त गुरे-शेळ्या अडतील असे ठेंगणे, तिसरा मोकळा. दर पावसाळ्यानंतर तिन्हींतले गवत मोजावे, निदान दहा वर्षे. खर्च थोडा आहे. येत्या पावसाळ्याआधी हे काम सुरू व्हावे.