शिकागोचा खरा गुन्हेगार

शिकागो हें नांव उच्चारलें कीं सुशिक्षित मराठी वाचकाच्या मनापुढें दोन चित्रें उभीं राहतात. एक सप्टेंबर १८९३ मधील सर्वधर्मपरिषदेचें. स्वामी विवेकानंद व्यासपीठावर उभे आहेत आणि सभागृह टाळ्यांच्या कडकडाटानें दुमदुमत आहे. दुसरें अल कपोनचें. तिरकी टोपी, तोंडांत चिरूट आणि मागें बंदुका घेतलेले साथीदार. पहिल्या चित्रानें आपली मान ताठ होते. दुसऱ्यानें, खरें सांगावयाचें तर, आपली करमणूक होते. परंतु परिषदेच्याच सालीं त्याच शहरांत घडलेला एक तिसरा प्रसंग आहे, आणि तो मात्र फारसा कोणाच्या स्मरणांत नाहीं. ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानें ती परिषद भरली, तें संपावयास दोन दिवस उरले असतां, २८ ऑक्टोबर १८९३ रोजीं, शहराचा महापौर कार्टर हॅरिसन याला त्याच्या राहत्या घरीं एका इसमानें गोळ्या घातल्या. मारेकऱ्याचें डोकें ठिकाणावर नव्हतें हें खरें. पण त्याच्या भ्रमाचें स्वरूप पाहण्यासारखें आहे. आपण निवडणुकींत महापौराचें काम केलें, तेव्हां मोबदल्यांत शहराच्या कायदेसल्लागाराची जागा आपल्यालाच मिळावयास हवी, अशी त्याची खात्री झाली होती! वेडा मनुष्य पुष्कळदां भोंवतालच्या शहाण्यांच्याच समजुती मोठ्यानें बोलून दाखवीत असतो. मत द्यावें आणि जागा घ्यावी, हा त्या शहराचा अलिखित कायदाच होता.

हा प्रसंग आठवावयाचें कारण असें कीं, शिकागोविषयीं एक सोयीस्कर कथा जगभर रूढ झाली आहे. मूळचें एक उद्योगी, भाबडें शहर. त्यांत परदेशांतून आलेले कांहीं दुष्ट लोक शिरले. दारूबंदीच्या मूर्ख कायद्यानें त्यांचें फावलें. मग मध्यवर्ती सरकारच्या बाणेदार अधिकाऱ्यांनीं त्यांना तुरुंगांत घातलें आणि कथा संपली. चित्रपटवाल्यांनीं या कथेवर अमाप पैसा मिळविला. आमचें म्हणणें असें कीं ही कथा आरंभापासून शेवटापर्यंत खोटी आहे. इतकेंच नव्हे, तर तिच्यामुळें खरा गुन्हेगार आजवर मोकळा सुटला आहे.

प्रथम आरंभ पाहूं. कपोन जन्मला १८९९ सालीं, तोही शिकागोंत नव्हे, न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथें. त्याच्या जन्माच्या वीस वर्षें आधींच मायकेल मॅक्डोनल्ड नांवाचा जुगाराच्या अड्ड्यांचा मालक शिकागोंत महापौरांची निवड घडवून आणीत होता. पुढें पहिल्या वॉर्डांत मायकेल केन्ना आणि जॉन कफलिन या दोन नगरसेवकांचें राज्य सुरू झालें. एक दारूच्या गुत्त्याचा मालक, दुसरा पूर्वी स्नानगृहांत अंग रगडणारा. कुंटणखान्यांकडून व जुगारी अड्ड्यांकडून हप्ता घ्यावयाचा, त्या बळावर मतें जमवावयाचीं, मतांच्या बळावर पोलिसांवर हुकमत चालवावयाची, आणि पोलिसांच्या बळावर पुन्हा हप्ता घ्यावयाचा, असें हें रहाटगाडगें होतें. १९०८ पर्यंत दरवर्षीं या जोडीचा एक जाहीर नाच-समारंभ होत असे. त्यांत वेश्या, खिसेकापू, पोलीस आणि राजकारणी एकाच छपराखालीं मद्य पीत, आणि तिकिटांचे पैसे या दोघांच्या पदरांत पडत. परंतु याहूनही बोलकी गोष्ट इंग्रज पत्रकार विल्यम स्टेड यानें १८९४ सालीं उजेडांत आणली. ज्या इमारतींत कुंटणखाने चालत, त्यांच्या घरमालकांचीं व करदात्यांचीं नांवेंच त्यानें आपल्या ग्रंथांत छापलीं. त्यांत प्रतिष्ठित नागरिक निघाले. भाडें वसूल करतांना त्यांनीं भाडेकरूचा धंदा कधीं विचारला नव्हता!

आतां दारूबंदी. १७ जानेवारी १९२० पासून ती अमलांत आली आणि ५ डिसेंबर १९३३ रोजीं रद्द झाली. कायदा अव्यवहार्य होता हें आम्हीही मान्य करतों. पण अव्यवहार्य कायदा रद्द करून घेणें निराळें आणि तो पाळल्याचें सोंग करून चोरदरवाजानें पेला मागविणें निराळें. आपण केवळ लोकांची मागणी पुरवितों, असें कपोन उघडपणें म्हणे. आणि दुर्दैवानें त्याच्या तोंडून निघालेलें हें एक सत्य होतें. ही मागणी करणारे कोण? वकील, व्यापारी, संपादक, नगरपिते. १९२३ मध्यें निवडून आलेल्या विल्यम डेव्हर या महापौरानें कायदा प्रामाणिकपणें अमलांत आणण्याचा प्रयत्न केला. १९२७ सालीं मतदारांनीं त्याला घरीं बसविलें आणि दारूचे गुत्ते खुले करण्याचें आश्वासन देणाऱ्या विल्यम हेल थॉम्प्सनला पुन्हा गादीवर बसविलें. १९४४ सालीं थॉम्प्सन वारला तेव्हां त्याच्या बँकेंतील पेट्यांतून १० लाखांहून अधिक डॉलर रोख निघाले. ज्यांनीं त्याला मतें दिलीं त्यांना आश्चर्य वाटलें असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

१४ फेब्रुवारी १९२९ रोजीं नॉर्थ क्लार्क रस्त्यावरील एका गॅरेजमध्यें सात माणसांना भिंतीशीं उभें करून ठार करण्यांत आलें. मारेकऱ्यांपैकीं कांहींजण पोलिसांच्या गणवेशांत आले होते. आणि ते खरे पोलीसच असतील हा तर्क कित्येकांना अशक्य वाटला नाहीं, यांतच त्या शहराचें सारें वर्णन आलें. या हत्याकांडाबद्दल न्यायालयांत कोणालाही शिक्षा झाली नाहीं. पुढल्याच वर्षीं एका मोठ्या दैनिकाचा बातमीदार जेक लिंगल भर दुपारीं मारला गेला. वृत्तपत्रानें प्रथम त्याला हुतात्मा म्हणून गौरविलें. मग कळलें कीं आठवड्यास ६५ डॉलर पगार घेणारा हा गृहस्थ गुंडांचा व पोलिसांचा मध्यस्थ होऊन त्याच्या कित्येक पट मिळवीत होता.

आणि कथेचा तो प्रसिद्ध शेवट? ऑक्टोबर १९३१ मध्यें कपोनला ११ वर्षांची शिक्षा झाली, ती प्राप्तीवरील कर चुकविल्याबद्दल. त्याच्या टोळीच्या नांवावर जे खून जमा होते त्यांपैकीं एकाही खुनाबद्दल त्याला शिक्षा झाली नाहीं. माणसें मारलींस हें सिद्ध करण्यास शहराला साक्षीदार मिळेना. हिशेब लपविलास एवढेंच सरकारला सिद्ध करतां आलें. याला न्यायाचा विजय म्हणणारांनी एकदां पुढील ऐंशी वर्षांकडे पाहावें. जॉन बर्ज या पोलीस अधिकाऱ्याच्या हाताखालीं १९७२ ते १९९१ या काळांत शंभरांहून अधिक कैद्यांचा, बहुतेक कृष्णवर्णीयांचा, छळ झाला. विजेचे झटके देऊन, श्वास कोंडून कबुलीजबाब घेण्यांत आले आणि त्यांवर कांहींना फांशीची शिक्षाही ठोठावली गेली. २०१० सालीं बर्ज दोषी ठरला तो छळाबद्दल नव्हे. छळाविषयीं शपथेवर खोटें बोलल्याबद्दल. छळाच्या गुन्ह्याची मुदत तोंवर टळून गेली होती! कपोन आणि बर्ज, एक कायद्याचा शत्रू आणि एक कायद्याचा सेवक. दोघांनाही मूळ अपराध पचला.

न्यायासनही यांतून सुटलें नाहीं. १९७७ सालीं हॅरी अ‍ॅलेमन हा भाडोत्री मारेकरी डोळ्यांनीं खून पाहणारा साक्षीदार असतांही निर्दोष सुटला, कारण न्यायाधीशानें १०,००० डॉलर घेतले होते. ती सुटका लांचेनें विकत घेतलेली होती म्हणूनच त्याच्यावर पुन्हा खटला भरतां आला आणि १९९७ मध्यें त्याला शिक्षा झाली. १९८० नंतरच्या दशकांत ‘ग्रेलॉर्ड’ या नांवानें जी गुप्त चौकशी झाली तींत १५ न्यायाधीश दोषी ठरले.

येथें कोणी म्हणेल, “अहो, पण गरिबाला या पुढाऱ्यांचाच आधार होता. सरकार कांहीं देत नव्हतें तेव्हां केन्नानें बेकारांना जेवूं घातलें. नव्या निर्वासिताला नोकरी मिळवून दिली. आणि शेवटीं शहर चाललेंच ना?” आक्षेप पोकळ नाहीं. भुकेल्याला नीतीचे धडे देणें सोपें आणि भाकरी देणें कठीण. सुधारक पुष्कळदां धडेच घेऊन गेले. पण केन्नानें भाकरी दिली ती हक्क म्हणून नव्हे, उपकार म्हणून. आणि त्या उपकाराची परतफेड गरिबानें मत देऊन आयुष्यभर केली. जें नागरिकाचें स्वतःचें होतें तेंच त्याला दान म्हणून देणें, हें या कारभाराचें खरें कौशल्य.

आणि “शहर चाललें” म्हणणारांना आम्ही एकच गोष्ट विचारूं. नोव्हेंबर १९९४ मध्यें शिकागोंतील एक धर्मोपदेशक आपल्या पत्नी-मुलांसह मोटारीनें शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यांतून चालला होता. पुढील मालमोटारीचा एक लोखंडी भाग निखळून रस्त्यावर पडला, त्यानें यांची टाकी फुटली आणि मोटारीनें पेट घेतला. सहा मुलें गेलीं. मालमोटारीच्या चालकानें आपला परवाना इलिनॉय राज्याच्या कचेरींत लांच देऊन मिळविला होता. त्या खात्याचा प्रमुख होता जॉर्ज रायन. परवान्यांच्या लांचेचा पैसा त्याच्याच निवडणूक-निधींत जात होता. तो पुढें राज्यपाल झाला. पद सोडतांना, जानेवारी २००३ मध्यें, त्यानें बर्जच्या कैद्यांपैकीं चौघांना निर्दोष म्हणून सोडलें आणि १६७ जणांची देहांताची शिक्षा रद्द केली. आणि २००६ सालीं तो स्वतः भ्रष्टाचाराबद्दल दोषी ठरला. एकाच माणसाच्या हातून हें पुण्य आणि हें पाप घडलें. म्हणूनच आम्ही म्हणतों कीं दुष्ट माणसें शोधीत बसण्यांत अर्थ नाहीं. ज्या कारकुनानें तो परवाना दिला त्याच्या हातांत बंदूक नव्हती. तो संध्याकाळीं घरीं जाऊन आपल्या मुलांबरोबर जेवला असेल.

यंत्र अजूनही थांबलेलें नाहीं. ५४ वर्षें नगरसेवक राहिलेला एडवर्ड बर्क २०२३ सालीं दोषी ठरला. राज्याच्या विधिमंडळावर अनेक दशकें सत्ता गाजविणारा मायकेल मॅडिगन २०२५ सालीं. १९७२ नंतर शिक्षा झालेल्या नगरसेवकांची संख्या तिसांच्या पुढें गेली आहे. प्रत्येक शिक्षेनंतर शहरानें एक सुटकेचा नि:श्वास टाकला आणि पुढच्या निवडणुकीला तोच हिशेब मांडला.

तथापि ग्रेलॉर्डच्या चौकशींतच एक गोष्ट अशी आहे कीं जी चित्रपटवाल्यांनीं कपोनसारखी घरोघर पोंचविली नाहीं. टेरेन्स हेक नांवाचा एक तरुण सरकारी वकील न्यायालयांतील लांचखोरी पाहून उबगला. नोकरी सोडून जाणें त्याला सहज शक्य होतें. त्याऐवजीं तो लांचखाऊ असल्याचें सोंग घेऊन तीन वर्षांहून अधिक काळ त्याच न्यायालयांत वावरला, आणि आपल्या सहकाऱ्यांच्या दृष्टीनें कलंकित होऊन त्यानें पुरावा गोळा केला. त्याच्याजवळ बंदूक नव्हती, तिरकी टोपी नव्हती. “सगळेच घेतात” हें वाक्य त्यानें मान्य केलें नाहीं, एवढाच त्याचा पराक्रम.

तें वाक्य मान्य करणारा, चोरदरवाजानें पेला मागविणारा, भाडेकरूचा धंदा न विचारणारा, परवाना लवकर मिळावा म्हणून पाकीट पुढें सरकविणारा जो सभ्य गृहस्थ, तोच शिकागोचा खरा गुन्हेगार. त्याच्यावर अद्याप एकही चित्रपट निघालेला नाहीं. निघाला तर तो पाहावयास जाण्याचें धैर्य आपल्यांपैकीं कितीजणांना होईल, हा प्रश्न आम्ही वाचकांवरच सोंपवितों.